पंपाच्या आवाजाचा आलेख

आमच्या घराण्यात बी.एस्सी. झालेला मी पहिला. माझ्याआधी कोणी सातवीच्या पुढं गेलेलं नव्हतं, त्यामुळं पहिला म्हणवून घेण्यात फार काही नाही. तरी मी म्हणवून घेतो. विषय फिजिक्स. नोकरी मिळाली ती गावच्या सहकारी उपसा सिंचन संस्थेत सेक्रेटरीची, आणि तिथं फिजिक्सचं काम एकदाच निघालं.

ऐंशीच्या दशकातलं दुष्काळाचं वर्ष. तेरणेच्या पात्रात नुसती वाळू. संस्थेनं उसाचं पाणी तोडून विहिरीवरचा पंप गावाच्या पिण्याच्या पाण्याला दिला होता. पंप एकच, आणि मार्चमध्ये तो घरघरायला लागला. नळदुर्गहून मिस्त्री आला. लांब पान्याचं एक टोक पंपाला आणि दुसरं कानाला लावून उभा राहिला. बेअरिंग गेलंय म्हणाला. आत्ता उघडलं तर तीन दिवसांत जोडून देतो, नाहीतर शाफ्ट धरून बसेल आणि मग महिना जाईल.

तीन दिवस पाणी बंद ठेवायला कमिटी तयार होईना. चेअरमनचं म्हणणं, मिस्त्रीचा कान सरकारमान्य नाही, शास्त्रीय काय ते सेक्रेटरींनी सांगावं. मी सांगितलं, आवाजाची फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती कंपनं, हे मोजलं की मशीनचं दुखणं कळतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं. मोजायचं कशानं, ते पुस्तकात नव्हतं.

आमच्या वस्तीचा नळ लाइनीच्या अगदी शेवटी होता. पंप बसला की टँकर येणार, तो चावडीपाशी उभा राहणार, आणि वस्तीवर पोचेपर्यंत त्यात काही उरत नाही, हे आम्ही मागच्या दुष्काळात बघितलेलं. वडील एवढंच म्हणाले, "मोज काय मोजायचं ते. पर महिनाभर पाणी बंद पडलं तर तुझं मोजणं पिता येणार न्हाय."

चेअरमनच्या टेपरेकॉर्डरवर, कोऱ्या कॅसेटवर पंपाचा आवाज घेतला. चेअरमन जातीनं हजर होते. टेप आणि कॅसेट पिशवीत घालून मी निघालो. जिल्ह्याच्या गावी रेडिओ दुरुस्तीवाल्यानं कॅसेट न ऐकताच टेपचं हेड पुसून दिलं. साखर कारखान्यात कॉम्प्युटर होता. चपला बाहेर काढून आत गेलो. ऑपरेटर म्हणाला, यात फक्त सभासदांचे नंबर बसतात, आवाजाचं सॉफ्टवेअर वेगळं असतं. सॉफ्टवेअर हा शब्द मी तिथं पहिल्यांदा ऐकला, आणि दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात वर्षानुवर्षं वापरत असल्यासारखा वापरला.

तिथल्या एका लेक्चररनं असलं सॉफ्टवेअर आपल्या अभ्यासासाठी स्वतःच लिहिलेलं होतं. एका फ्लॉपीत मावत होतं. त्यांनी कॅसेट सुरुवातीला नेली, टेपच्या इअरफोनच्या भोकात वायर खोचली. त्याबरोबर टेपचा स्पीकर बंद. कॉम्प्युटरमध्ये जेमतेम दोन सेकंदांचा आवाज मावायचा. तेवढ्यावर त्यानं पाऊण तास हिशेब केला. आम्ही दोनदा चहा प्यालो. मग प्रिंटरनं आलेख काढला. बेअरिंग गेलं असतं तर इकडं उजवीकडं टोकं उठली असती, लेक्चरर म्हणाले. इथं एकशेवीसच्या आसपास एक टोक, पुढं त्याच्याच पटीतली, बाकी स्वच्छ. मशीन ठणठणीत आहे.

कमिटीत तो कागद हातोहात फिरला. काहींनी उलटा धरून पाहिला. पंप उघडायचा नाही असं ठरलं. मिस्त्री तिथंच बसला होता.

"कागज बराबर असंल, साब," तो मला म्हणाला. "पर मशीनला कान म्या लावला होता."

आणि एसटी धरून गेला.

संध्याकाळी वडील म्हणाले, सोलापूरच्या लोकांनी काय ऐकलं ते मलाही ऐकव. मी कॅसेट पहिल्यापासून लावली. चेअरमन बोलायला लागले. आज या ठिकाणी आपण सर्वजण जमलेलो आहोत. आमच्या संस्थेत चेअरमनच्या दोन शब्दांशिवाय खताचं पोतंसुद्धा सुटत नाही, आणि दोन शब्द नीट ऐकू यावेत म्हणून त्या दिवशी पंप बंद ठेवला होता. दोन शब्द चार मिनिटं चालले. पंप त्यानंतर, हे मी सोलापुरात साफ विसरलो होतो.

वडिलांनी चारी मिनिटं ऐकून घेतली. "चेअरमनचं बेअरिंग चांगलं हाय म्हण की," म्हणाले.

हे आम्हां दोघांखेरीज कुणालाच कळलं नसतं. मी गप्प बसलो असतो तर पंप बसल्यावरही सोलापूरच्या कॉम्प्युटरला दोष देता आला असता. सकाळी पंप सुरू व्हायच्या आत मी चेअरमनच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी सुपारी कातरून तोंडात टाकली.

"एकशेवीस म्हणजे चांगलं असतं का?" त्यांनी विचारलं.

पुरुषाच्या आवाजाला ठीक असतं, असं मी सांगितलं. ते म्हणाले, मग मिस्त्रीला बोलवा.

मिस्त्रीनं पंप उघडला. बेअरिंगच्या गोळ्या त्याच्या तळहातावर पडल्या, त्यातल्या दोन फुटलेल्या. त्यानं त्या मला दाखवल्या आणि पुन्हा पंपात हात घातला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सभेच्या वृत्तांतात चेअरमननी माझ्याकडून लिहून घेतलं की शास्त्रीय तपासणीअंती पंप उघडण्यात आला.

तीन दिवस सगळ्या गावानं नदीत झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरलं. चौथ्या दिवशी आमच्या नळाला आधी नुसती हवा आली, मग गढूळ, मग पाणी. वडिलांनी पहिली घागर उचलून विहिरीवर नेली, मिस्त्रीला अंघोळीला. दुसरी भरून माझ्या खांद्यावर दिली.

"ही त्याला प्यायला," म्हणाले. "तूच घेऊन जा."