लाल वावर

कापसाला कोणी विचारत नव्हतं त्या वर्षांत मी मुकुटबनला चुनखडीचा दगड शोधत होते. खरा शोध उपग्रहाने वरूनच घेतलेला. माझं काम त्याची चित्रं घेऊन उन्हात हिंडायचं आणि चित्रात दिसतं ते जमिनीवर आहे का, ते पाहायचं. मी ज्यांच्याकडे भाड्याने राहायचे त्या काकूंनी त्यातलं सगळ्यात मोठं चित्र बैठकीच्या भिंतीवर लावून घेतलं होतं. मी नको म्हटलं होतं, पण काकूंपुढे कोणाचं चालतंय!

काकूंच्या मुलाचं लग्न जमत नव्हतं. शेती करणारा नवरा म्हटलं की मुलीकडचे चहा अर्धा टाकून उठत. दसऱ्यानंतर ढाणकीहून एका मुलीचे वडील घर आणि वावर पाहायला आले. काकूंनी आलूपोह्यांत सढळ हाताने शेंगदाणे घातले आणि मोठ्या कौतुकाने पाहुण्यांना चित्रातलं आपलं वावर दाखवलं.

पाहुण्यांचा चमचा पोह्यांतच राहिला. "हे त लालभडक हाय! लाल्या आला तुमच्या कपाशीवर."

लाल्या म्हणजे पानं लाल पडून कपाशी वाळवणारा रोग. काकूंचा चेहरा पाहवेना. मी घाईघाईने सांगितलं, की या चित्रात निरोगी हिरवं पीक लालच दिसतं, आम्हीच त्याला तो रंग देतो.

"लाल म्हंजे हिरवं?" पाहुण्यांनी मला निरखून पाहिलं. "उद्या पोरगा लंगडा निघाला, त तुमी म्हणान धावण्यात पहिला हाय."

माझं डोकंच फिरलं. एवढं शिकून मी खोटी सोयरीक जुळवणारी ठरले होते! भिंतीवरचं चित्र ओढून काढलं आणि म्हटलं, "चला वावरात."

कपाशी कमरेएवढी, हिरवीगार उभी होती. काकूंनी तिथूनच कळंबच्या चिंतामणीला हात जोडले. पण पाहुणे आता चित्र वाचायला शिकले होते. कोपऱ्यातल्या फिक्या पट्ट्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"इथं लाल नाही. काहून?"

असाच पट्टा मी किती दिवस शोधत होते. "दगड!" मी ओरडलेच. "मातीच नाही तिथे, अस्सल चुनखडी आहे!"

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की खोली आजच सोडावी लागणार याची मला खात्री पटली. मुलगा खाली मान घालून म्हणाला, "खरं हाय, मामाजी. तेवढ्यात वखर चालत नाही. काहीच पिकत नाही तिथं."

सोयरिकीचा पत्ता नाही आणि हा सासऱ्याला म्हणतात तसं मामाजी म्हणून मोकळा! मला हसू आवरेना. पाहुणे मात्र हसले नाहीत. चित्राची गुंडाळी करत त्यांनी मला विचारलं, "बाई, आमच्या ढाणकीचं असं चित्र हाय का तुमच्यापाशी?"

"नाही."

"बरं झालं. आमच्या वावरात लाल्या खराच हाय. सारी कपाशी गेली." मग काकूंकडे वळून त्यांनी हात जोडले. "आता तुमीच सांगा, आमची पोरगी चालन का तुमाले?"