नेमेसिया कॅमेरा पारखते

तितिकाका तळ्याच्या काठावर, कोपाकबानाच्या देवळासमोर नेमेसिया चांबिया उमेदीची सगळी वर्षं गाड्यांचे फोटो काढत आली. गाडी नवी घेतली की माणसं ती आधी इथं आणतात. फुलांच्या माळा चढतात, पाद्री पाणी शिंपडतो, घरचे चाकांवर बिअर ओततात आणि मग सगळं खानदान गाडीला टेकून उभं राहतं. हल्ली मोबाइल सगळ्यांच्याच खिशात असतो. पण अख्खा ट्रक, मागचा पांढरा घुमट आणि मालकाच्या चेहऱ्यावरचा तोरा एकाच चौकटीत बसवायला नेमेसियाच हवी, असं तिचं स्वतःचं ठाम मत आहे. चौकात त्याला कुणी विरोध करत नाही, कारण बाई तोंडाची फटकळ आहे.

त्या वर्षी तिच्या जुन्या कॅमेऱ्यानं मान टाकली. ला पास शहरात वापरलेले कॅमेरे विकणारा तिचा भाचा ग्रोवेर एक काळं धूड घेऊन आला.

"मावशी, हा अर्धा व्यावसायिक समजला जातो. मृतांच्या सणापर्यंत वापरून बघ. गुण सांग, दोष सांग, मग घ्यायचा का ते ठरव."

"अर्धा म्हणजे काय रे मेल्या? अर्धाच फोटो काढतो का?"

ग्रोवेर हसत बस पकडायला पळाला आणि नेमेसियानं धूड गळ्यात अडकवलं.

पहिल्या सकाळी ती तळ्यावर गेली. पाण्यावर धुकं होतं आणि पलीकडचे बर्फाचे डोंगर कुठं संपतात अन् ढग कुठं सुरू होतात, ते कळत नव्हतं. तिनं कॅमेऱ्याच्या झरोक्याला डोळा लावला आणि तशीच राहिली. जुन्या कॅमेऱ्यातून जग किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं दिसायचं. यातून तळं जसंच्या तसं डोळ्यात उतरत होतं, त्याच्या थंडीसकट. एक होडी धुक्यातून निघाली, धुक्यातच विरली. फोटो काढायचा असतो हेच ती विसरली. कितीतरी वर्षांनी तिला उगाचच सुखी वाटलं.

दुपारपर्यंत अर्थात दोषही सापडले. वजनानं मान आखडली. इथल्या उन्हात मागचा पडदा काळा ठिक्कर दिसायचा, म्हणून ती शाल डोक्यावर ओढून फोटो बघायची. थंडीत बॅटरी धापा टाकायची, तेव्हा बॅटरी पोलक्यात खुपसून ऊब द्यावी लागे. आणि आवाज! बटण दाबलं की आतला आरसा असा खटकन आपटायचा की देवळाच्या पायरीवरचं कुत्रं उठून बसायचं.

"हा फोटो काढतो की दार लावतो गं?" माळा विकणारी हिलारिया म्हणाली. "आणि नवी वस्तू तशीच वापरतेस? धरणीला पाजलं नाहीस, ह्याला पाजलं नाहीस. मग कुरकुरेल नाही तर काय!"

नेमेसिया "अगं थांब" म्हणेपर्यंत हिलारियानं बिअरची बाटली हलवून अंगठा काढला होता. ट्रकला घालतात तसा फेसाचा अभिषेक कॅमेऱ्यावर झाला आणि वर मूठभर पाकळ्या पडल्या. वस्तू परक्याची! नेमेसियानं हिलारियाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत कॅमेरा शालीनं पुसला, डोळे मिटून बटण दाबलं, आणि तो खटकन वाजला. सांध्यासांध्यांतल्या रबरानं बिअर आत शिरू दिली नव्हती. उजेड कमीजास्त करायची एक चक्री तेवढी चिकट झाली.

"बघ, पावला की नाही?" हिलारिया म्हणाली.

पण नेमेसियाला कॅमेरा हवा होता तो ट्रकांसाठी नव्हताच. तिच्या म्हाताऱ्या आईचा, असुंताचा, डोळे उघडे असलेला एकही फोटो जगात नव्हता. लग्नात, बारशाला, जत्रेत, जिथं जिथं नेमेसियानं कॅमेरा रोखला तिथं आईनं डोळे मिटून घेतले होते. पूर्वी त्यावर सगळे हसायचे. पण या हिवाळ्यात असुंता फार वाळली होती. तिचे घागरे नेमेसियानं दोनदा आत घेतले होते. सणाला मृतांसाठी टेबल मांडतात, मध्ये त्यांचा फोटो, भोवती पाव, ऊस, आवडीचे पदार्थ. दुपारी बाराला आत्मे जेवायला येतात. असुंताला आपल्या मरणापेक्षा त्या फोटोचीच चिंता होती.

"डोळे मिटलेला फोटो ठेवणार तू. मग मला ताट दिसायचं कसं? चाचपडत जेवू का?"

"मग उघडे ठेव ना, आई!"

"ठेवते तर! तेच मिटतात."

अंगणात भिंतीशी ऊन होतं, तिथं नेमेसियानं आईला बसवलं. हा कॅमेरा एका दमात फोटोंची माळ ओढायचा, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. तिनं बटण दाबून धरलं. खटखटखट. शाल ओढून पाहिलं तर सगळ्या फोटोंत डोळे मिटलेले, ओठ किंचित हलणारे. मग कुणी रोखून बघतंय म्हणून बुजत असेल, असं वाटून तिनं कॅमेरा तिवईवर ठेवला, टायमर लावला आणि बाजूला जाऊन उभी राहिली. बटणाला कुणाचा हात नाही, डोळ्यासमोर कुणी नाही. तरी पापण्या खालीच!

"नालायक यंत्र!" नेमेसिया ओरडली आणि हताश होऊन तिनं मोठा उसासा टाकला.

असुंतानं लगेच डोळे उघडले.

"आत्ता कशाला उघडलेस?"

"तू श्वास सोडलास म्हणून."

श्वास नेमेसिया धरायची, हे खरं. पेटीच्या कॅमेऱ्यावर तिला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या एपिफानिओंनी पहिला धडाच तो दिला होता: श्वास हलला की फोटो हलला. तेव्हापासून फोटो घेताना तिचा श्वास आपोआप थांबायचा, टायमर लावला तरीही.

"तुला काय करायचंय माझ्या श्वासाशी?"

असुंता मांडीवरची शाल सारखी करत राहिली. "तान्ही होतीस तेव्हा रडता रडता तुझा श्वास अडकायचा. काळीनिळी पडायचीस. तुझे बाबा पाणी आणायला धावत, शेजारणी तोंडावर फुंकर घालत. मला काही सुचायचं नाही. डोळे मिटून देवीला हाका मारायचे. तू श्वास घेतलास की उघडायचे." ती पुढं म्हणाली, "तू मोठी झालीस, ते थांबलं. मग तू हे काम धरलंस. पुन्हा श्वास थांबायला लागला."

"आई, मी पन्नाशी ओलांडली गं."

"मग? मला का ते ठाऊक नाही?"

नेमेसिया तिथंच जमिनीवर बसली. रडू आलं ते तिनं लपवलं नाही. तिनं हजारो फोटो काढले होते, आणि आईला दरवेळी तिच्या जिवाची भीती घातली होती.

मग ती उठली. श्वास घेत फोटो काढायचा म्हणजे हात हलणार, त्यावर उपाय एकच, पापणी लवायच्या आत फोटो उरकायचा. तेवढ्या वेगाला उजेड कमी पडतो, आणि जुन्या कॅमेऱ्यात अशा वेळी फोटोवर राखेसारखे दाणे यायचे. तिनं चिकट चक्री रेटून या कॅमेऱ्याला मावळतीच्या उजेडातलं मिळेल तेवढं प्यायला लावलं. डोंगरांवर गुलाबी उतरत होतं, भिंत मधासारखी झाली होती. तिनं डोळा लावला आणि मोठ्यानं श्वास घेत बोलत सुटली, हिलारियाच्या बिअरबद्दल, ग्रोवेरच्या अर्ध्या कॅमेऱ्याबद्दल, सुचेल ते. असुंता ऐकत होती. खटक!

शालीखाली पडद्यावर आई दिसली. दाणे नाहीत, राख नाही. सुरकुत्यांत संध्याकाळ मुरलेली, आणि दोन्ही डोळे टक्क उघडे.

तिनं तो फोटो ग्रोवेरला पाठवला. त्याचा लगेच फोन आला.

"मावशी, काय सुरेख आलाय! फक्त आजी कॅमेऱ्यात बघत नाहीये. नजर जरा खाली गेलीय. पुन्हा काढ एक."

नेमेसियानं फोटो पुन्हा पाहिला. नजर कॅमेऱ्याच्या खाली, नेमकी लेकीच्या छातीवर होती. श्वास चालू आहे ना, ते बघणारी.

"पुन्हा नाही काढणार," ती म्हणाली. "आणि कॅमेरा माझा झाला. दोष नंतर सांगते."

फोन ठेवून तिनं कॅमेरा आईसमोर धरला. असुंतानं नाक पडद्याला लावून बराच वेळ न्याहाळलं.

"हा ठेव टेबलावर," ती म्हणाली. "आणि तू समोर उभी राहा. आधी तुला बघेन, मग जेवेन."