खालाने अंगावरच विणलेली बाही

खाला समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे नंतर बघायची, आधी मानेकडे. मला शाळेत नोकरी लागली म्हणून पेढे घेऊन गेले, तर हिने पेढा तोंडात टाकला आणि माझ्या गळ्याभोवती लोकरीचा धागा फिरवला. "बारीक झालीस गं," एवढंच अभिनंदन! आमच्या मुरुडला बारा महिने पंखा लागतो, इथे स्वेटर घालणार कोण? पण तिचा नवरा बोटीवर होता, थंड बंदरांतून फिरायचा. त्याच्यासाठी ती विणायला लागली आणि तो गेल्यावरही तिचे हात थांबले नाहीत. आळीतले हिंदू-मुसलमान सगळेच तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत, आणि सगळेच तिला घाबरत.

तिचं विणकाम मानेपासून खाली चालायचं. बाकीच्या बायका पाठ, पुढचा भाग, बाह्या असं वेगवेगळं विणून शेवटी शिवत. खालाला ते बिलकूल खपत नसे. "शेवटी शिवायचं, आणि मग कळायचं की डोकंच आत जात नाय! वरून विणलं की माणूस मधेच घालून बघतो." घालून बघायला मात्र तिच्या ओट्यावर जावं लागे. तिची हाक आली की हातातलं काम टाकून पळायचं. ती कुणाच्या घरी जात नसे.

माझ्या आईच्या डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं आणि आमच्या घरातलं हसणंबोलणंच संपलं. तिचा डावा हात खांद्याच्या वर जाईना. मुंबईला केमोचा पहिला डोस झाला. त्या गार खोलीत ती चार तास कुडकुडली, घरी येऊन पाच-सहा दिवस ओकत राहिली आणि म्हणाली, "मी पुन्हा जाणार नाही." एकवीस दिवसांनी दुसरा डोस होता, आणि मधेच सोडलं तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं. मी रडले, भांडले, अबोला धरला. आई भिंतीकडे तोंड करून पडून राही. एकेक दिवस उलटत होता.

सातव्या दिवशी खाला स्वतः आमच्या दारात उभी.

"सुमन, ऊठ. माप दे."

"मला नको काही, खाला," आई म्हणाली. "डोक्यातून घालता येत नाही मला."

"डोक्यातून घालायला सांगितलं कोणी? समोरून उघडं. एक पदर दुसऱ्यावर घ्यायचा आणि बाजूला नाडी बांधायची."

"म्हणजे झबलं?"

"व्हय, झबलं! लहान पोरासारखी वागतेस, मग झबलंच घाल."

आई हसली. किती दिवसांनी हसली, देवा!

मग रोज दुपारी खाला यायची आणि आई निदान तेवढ्यापुरती उठून बसायची. गळा झाला, खांदे झाले, जांभळी लोकर काखेपर्यंत उतरली. पंधराव्या दिवशी काखेखाली दोन्ही बाजू जोडून घालून बघितलं, तर डावा हात आत जाईना. खालाने माप उजव्या, धडधाकट बाजूचं घेतलं होतं. ऑपरेशनच्या बाजूला हात लावायला तीसुद्धा कचरली होती. आणि तो हात तर सुजून केवढा झाला होता.

"बघितलंत?" आईचे डोळे भरून आले. "हा हातच कामातून गेलाय माझा."

खालाने सुई ओढून काढली आणि आमच्या डोळ्यांदेखत सगळं उसवलं, सर्रकन, पार खांद्यापर्यंत. सहा दिवस उरले होते!

"हात बरोबर हाय," ती आईवर खेकसली. "माप माझं चुकलं. दाखव इकडे."

आणि मलासुद्धा जखम न दाखवणाऱ्या माझ्या आईने मुकाट्याने ब्लाउजची बटणं सोडली.

जायचा दिवस उजाडला तेव्हा अंग झालं होतं, उजवी बाही झाली होती, डाव्या बाहीचे टाके अजून खांद्यावर दोऱ्यात ओवलेले होते. आई काही 'येते' म्हणाली नव्हती. खाला पहाटेच बुरखा घालून, पिशवी घेऊन हजर. "बाही राहिलीय. गाडीत विणते." आईने पायात चपला सरकवल्या. "अलिबागपर्यंत येते. तिथून परत."

"बरं," खाला म्हणाली.

एसटीत ती आईच्या डाव्या बाजूला बसली आणि जांभळं झबलं आईच्या अंगावर असतानाच बाहीचे टाके उचलून विणू लागली. बाकीच्या प्रवाशांना फुकटचा तमाशा! अलिबाग स्टँड आला.

"मी उतरते," आई म्हणाली.

खालाने मान वर केली नाही. "उतर. लोकर घेऊन उतर, सुया घेऊन उतर, मलापण घेऊन उतर."

कंडक्टरने दोनदा घंटी मारली. आई बसून राहिली. काय डोकं चालवलं बाईने, असं मला वाटलं. अक्षरशः बांधून घातलं की आईला!

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा बाही कोपरापर्यंत आली होती. सुया आत चालणार नाहीत, असं नर्स म्हणाली. खालाने टाके दोऱ्यात ओवून गाठ मारली आणि आईची पाठ थोपटली. आई आत गेली, दार बंद झालं, आणि खाला मटकन बाकावर बसली.

"माझी धाकटी बहीण," ती म्हणाली. "हेच दुखणं. दुसऱ्या वेळेला नाय जात बोलली. मी बोलले, नको जाऊ, तुझी मर्जी." मग ओढणीने तोंड पुसून माझ्यावर डोळे वटारले. "सुमनला सांगशील तर याद राख."

मी नाही सांगितलं. आईचे सगळे डोस झाले, केस परत आले, ती बाजारात भाव करून भांडायलाही लागली. गेल्या वर्षी खाला झोपेतच गेली. तिच्या घरून परत आल्यावर मात्र मला राहवेना. मी आईला बहिणीचं सगळं सांगितलं.

आई म्हणाली, "काहीतरी असणार, हे कळलं होतं मला. त्या दिवशी गाडीत विणताना हात थरथरत होते तिचे. माझ्या दंडाला लागत होतं ना. तुला काय वाटलं, लोकरीने बांधलं म्हणून बसले मी? लोकर काय, एका हिसक्यात तुटली असती. पण तिला तशी सोडून उतरवेना गं."