तबकाआडून विचारलेलं

आमच्या नगरात वक्ता बोलावतात तो सत्कारासाठी. व्याख्यान म्हणजे सत्काराचं शेपूट. मी सरकारी दवाखान्यात समुपदेशक आहे. लैंगिक संबंधांतून होणारे आजार कसे टाळायचे, हे मुलामुलींना सांगायला कॉलेजांमधून जाते. घरात शालींचा ढीग झालाय, भाचीच्या लग्नात वाटूनही उरल्या. बोलायला मिळालेला वेळ मात्र कधी उरत नाही.

त्या दिवशीचं ज्युनिअर कॉलेज शहरातलंच. फलकावर माझ्या विषयाचं नाव बदलून 'आहार, विहार आणि संस्कार' असं झालं होतं. प्राचार्यांच्या खोलीत संस्थेच्या अध्यक्षांनी हात जोडून सांगितलं, "मॅडम, सगळं सांगा. फक्त ते शब्द तेवढे टाळा. पोरी बसल्यात." ते शब्द टाळून मी काय सांगणार होते, कपाळ? पण पुढच्या वर्षी दार बंद होऊ नये म्हणून मी मान हलवली. नेहमीच हलवते.

दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, माझ्या आयुष्यात नसलेल्या गोष्टींचाही परिचय झाला. मग अध्यक्षांनी शाल उचलली. बारावीची एक मुलगी साडी नेसून, शाल-नारळाचं तबक धरून माझ्या शेजारी उभी होती. फोटोवाल्याचा कॅमेरा अडला. शाल माझ्या खांद्यापाशी तशीच धरलेली, आम्ही सगळे हसत थांबलेलो. तेवढ्यात ती मुलगी समोर बघतच हळूच म्हणाली,

"मॅडम, मला खाली फोड आला होता. दुखत नव्हता. औषध न घेताच गेला. म्हणजे बरं झालं ना? का तुमच्याकडं यावं लागंल? घरी कळवतात का?"

न दुखणारा आणि आपोआप जाणारा फोड गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा, असू शकतो. तो वरून बुजतो आणि रोग अंगात मुरतो. रक्त तपासून वेळेवर इंजेक्शन दिलं की माणूस बरा होतो, इतकं ते साधं आहे. पण घरी कळवतात का, याला काय उत्तर देऊ? मी घरी सांगणार नाही. पण ती अठराच्या आतली असेल तर कायद्यानं पोलिसांना कळवावं लागतं, आणि मग घरी कळायचं काय राहतं? पोरीला खोटा शब्द द्यायचा नव्हता. समोर माईक, बाजूला अध्यक्ष.

"ये," एवढंच मी म्हणाले, आणि त्याच क्षणी टाळ्या पडल्या. तिनं मान हलवली. ती मान माझ्यासाठी हलली की फोटोवाल्यासाठी, देव जाणे.

भाषणं आटोपून माईक माझ्याकडे आला तेव्हा एसटीनं जाणाऱ्या मुलांनी दप्तरं खांद्याला लावली होती. मी ते शब्द टाळायचं सोडून दिलं. कंडोम म्हणाले, गरमी म्हणाले. "फोड आपोआप गेला तरी रोग जात नाही, तपासून घ्या," हे पुन्हा पुन्हा म्हणाले. मागच्या बाकांवर खसखस पिकली, अध्यक्ष खाली बघत बसले. मी तिला शोधत होते. ती सभागृहात नव्हतीच. तबकवाल्या मुलींना पाहुण्यांच्या चहापाण्याच्या तयारीला धाडलं होतं.

चहा तिनंच आणला. खोलीत प्राचार्य, अध्यक्ष, दोन प्राध्यापिका.

"साखर?" तिनं विचारलं.

"नको," मी म्हणाले.

पुढचा आठवडाभर मी दवाखान्यात दाराकडे डोळे लावून बसले. ती आली नाही. नाव ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी माझ्यासारखीनं एखाद्या मुलीची चौकशी करायची म्हणजे तिच्या नावानं दवंडीच. शेवटी एक युक्ती केली. तिथल्या एका प्राध्यापिकेला फोन करून म्हटलं, आरोग्याच्या कामाला दोन-तीन मुली पाठवा, ती तबक धरणारी चुणचुणीत वाटली.

"ती नको हो," त्या म्हणाल्या. "तिचं हल्ली लक्षच नसतं कशात. मी चांगल्या मुली पाठवते."

चांगल्या दोघी आल्या, वेळेवर आणि वह्या घेऊन. मी अगदी वरवर विचारलं, "तुमची ती साडीतली मैत्रीण नाही आली?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. एकीनं आवाज खाली आणला. "का मॅडम? तिला काय झालंय?"

"काही नाही. सहज विचारलं."

त्या दोघींना मी फोड, तपासणी, इंजेक्शन, सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी शहाण्यासारखं ऐकून घेतलं. जिला ऐकायला हवं होतं ती शहरात कुठेतरी फोड गेला म्हणून निर्धास्त असेल.