सरांच्या मागून वर्गात

आमचं विद्यापीठ तेव्हा इतकं नवं होतं, की भिंतीला टेकलं तर पाठीला चुना लागायचा. डोंगराच्या पायथ्याशी दोनचार इमारती, मधे माळ, आणि माळावर एक कडुलिंब. नियम असे फारसे नव्हतेच. पहिल्या दिवशी कुणी काही केलं आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा केलं, की शिपाई नव्या माणसाला सांगायचा, "इथं असंच असतंय." त्यातला एक नियम माझ्यामुळं पडला.

इतिहासाच्या एम.ए.ला मी एकटीच मुलगी. वडील लासूर स्टेशनकडं शेती करायचे, मी उस्मानपुऱ्यात मामाकडं राहायची. पहिल्या दिवशी मामानं टांग्यातून उतरवून दिलं आणि मला वर्ग सापडेना. विचारायचं तर पुरुषालाच विचारावं लागणार, आणि मी तर लाजून अर्धी झालेली. तेवढ्यात आमचे विभागप्रमुख त्यांच्या खोलीतून बाहेर पडले. हैदराबादेत शिकलेले, शेरवानी जाऊन अंगावर कोट आला होता, अदब मात्र जुनीच. नजर खालीच ठेवून म्हणाले, "इतिहास ना? या माझ्या मागून."

सर वर्गात शिरले, पोरं ताडकन उभी राहिली, आणि सरांच्या मागून मी. पोरं सरांसाठी उभी होती, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण मला येडीला वाटलं, थोडी आपल्यासाठीपण असतील.

दुसऱ्या दिवशी वर्ग कुठं आहे ते माहीत होतं. तरी मी सरांच्या दाराशी जाऊन उभी राहिले. मुलींनी असंच जायचं असतं, अशी माझी खात्रीच झाली होती. तास संपला की सर पुढं आणि मी मागं, पुन्हा त्यांच्या दारापर्यंत. मी उभी दिसते म्हणून शिपायानं एक स्टूल आणून ठेवलं. पुढच्या साली आणखी मुली आल्या. त्यांना मी हनुवटी वर करून सांगितलं, "सरांच्या आधी वर्गात पाय टाकायचा नाय. इथली परंपरा आहे." परंपरेला अजून दात यायचे होते! मग स्टुलाच्या जागी बाक आला. बाकावर पोरी बसलेल्या बऱ्या दिसत नाहीत म्हणून शेजारची एक खोली रिकामी झाली, तिच्यावर 'लेडीज रूम' अशी पाटी लागली, आत माठ आणि आरसा आला. आपला केवढा हा मान, म्हणून मी त्या आरशात बघून पदर सारखा करायची.

त्या खोलीच्या खिडकीतून कडुलिंब दिसायचा. त्याच्याखाली चहाची टपरी होती. आम्हाला पोचवलं की सर उलटे फिरून तिथं जायचे. पोरं भोवती बसायची, हसणं खिडकीपर्यंत यायचं. मला वाटायचं, चहाच तर पितात, त्यात काय एवढं. अख्खा विभाग त्या चहावर चालतो, हे मला लई उशिरा कळलं. कुणी कोणता विषय घ्यायचा, कुणाला कुठं नोकरीला लावून द्यायचं, सगळं झाडाखाली ठरायचं. कचेरीत नंतर नुसता कागद व्हायचा.

मला एकच गोष्ट हवी होती. विभागात निजामाच्या वेळच्या उर्दू कागदांचे गठ्ठे आले होते. ते वाचून लावायला एक संशोधन सहायक घेणार, असं कानावर आलं होतं. पोलीस ॲक्शनच्या आधी माझी शाळा उर्दूतून झाली होती. मामा वकिलाकडं मुन्शी. घाईघाईत खरडलेलं उर्दूही कसं वाचायचं, ते त्यानं मला शिकवलं होतं. मनातल्या मनात मी त्या गठ्ठ्यांच्या खोलीत खुर्चीसुद्धा खिडकीजवळ ओढून घेतली होती. संध्याकाळी टांग्यात बसायच्या आधीच मामा विचारायचा, "काय गं, त्या गठ्ठ्यांचं कळलं का काही?"

"नोटीस लागंल ना मामा. मग अर्ज करायचा, मग मुलाखत." हे माझं ज्ञान! रोज फळ्यासमोर उभी राहून मी नोटीस शोधायची.

एक दिवस वर्गातला एक पोरगा दोन्ही हातांत गठ्ठे घेऊन जिन्यावरून येताना दिसला. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा त्याच्याशी बोलले. "हे काम तुम्हाला कसं मिळालं?"

"मिळालं म्हंजे? सर चहा पिता पिता म्हणले, कोण करतं रे? मी म्हणलं, मी करतो."

"उर्दू येतं?"

"शिकंन की. तुम्हाला पायजे होतं का? मग बोलायचं ना ताई!"

कुठं बोलायचं होतं? आरशाशी?

एम.ए. झालं, लग्न झालं, जन्मभर शाळेत सनावळ्या शिकवल्या. धाकट्या लेकीच्या लग्नाची पत्रिका द्यायला सरांकडं गेले, तेव्हा ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. जुन्या गोष्टी निघाल्या.

"बाई, तुमच्या घरचं वळण फार कडक," सर म्हणाले. "तुम्ही दाराशी ताटकळू नये म्हणून मी कितीदा अर्धा कप टाकून उठलोय."

"माझ्या घरचं?"

"मग कुणाचं? मी कशाला असली बंधनं घालीन? तुम्हाला चालत नसेल म्हणून मी पाळत गेलो. पुढं सगळ्या मुलींना तेच लागू झालं. त्या उर्दू कागदांना तुमचंच नाव माझ्या मनात आधी होतं. पण दिवसभर पुरुषांत बसायचं... तुमच्या मामांना कसं रुचणार? म्हणून विषयच काढला नाही."

मामाला! रोज टांग्यापाशी त्या गठ्ठ्यांची चौकशी करणाऱ्या माझ्या मामाला! सांगावं वाटलं, की सर, मी तर तुमची रीत म्हणून तिथं उभी राहत होते. ओठांपर्यंत आलं होतं. पण सर इतके समाधानानं बघत होते. आयुष्यभर आपण एका घरची अब्रू सांभाळली, असं काहीतरी त्या चेहऱ्यावर होतं.

"व्हय सर," मी म्हणाले, "मामा जरा कडकच होते."

निघाले, तर सर काठी टेकत पोचवायला उठले. उंबऱ्याशी मी थांबले. तेही थांबले.

"चला ना बाई, पुढं व्हा."

"नाही सर, आधी तुम्ही."

सर पुढं झाले. आणि माझ्याच घरी जायला मी त्यांच्या मागून निघाले.