मंगलाताईंची दुसरी सोडत

माइकवरून कुणी “खेळाडू क्रमांक अठरा, बोर्ड चारवर या” असं पुकारलं की मंगलाताई माइक हिसकावून घ्यायच्या. “मेल्या, तुरुंगात हजेरी घेतंस काय? नाव नाय तिका?”

उपनगरातल्या कॅरम स्पर्धांच्या त्या मुख्य पंच. मूळ मालवणकडच्या, वाढल्या घाटकोपरच्या भटवाडीत. मी गुण मांडायचं सॉफ्टवेअर बनवून विकतो. अंधेरीतल्या एका गाळ्यात, कुणाच्या बापाची मदत न घेता उभा केलेला धंदा. घासाघिशीत मला कुणी हरवत नाही. सॉफ्टवेअर खपवायला ताईंना भेटलो तेव्हा मी बराच वेळ तोंडाची टकळी चालवली. त्या बोर्डावर पावडर पसरत होत्या. मग म्हणाल्या, “झाला? आता मी काय सांगतंय ता ऐक.” मी चिडलो, पण ऐकलं.

पुढे कॅरम संघटनेने माझं सॉफ्टवेअर घेतलं, पण खेळाडूंची नोंदणी एका बड्या कंपनीच्या ॲपकडे दिली. नावं त्यांच्याकडून माझ्याकडे यायची, मग माझं सॉफ्टवेअर जुन्या कामगिरीवरून मानांकन लावून सोडत, म्हणजे कुणाची गाठ कुणाशी याची यादी, काढायचं. कागदावर झकास.

मुलुंडच्या स्पर्धेत सकाळी भिंतीवर सोडत लागली आणि रुपाली परब तिथेच थिजली. गेल्या वर्षीची विजेती ती. तिला मानांकनच नाही आणि पहिल्याच फेरीत अव्वल खेळाडूशी गाठ! कारण साधं होतं. आमच्या कॅरममधल्या बायका लग्नानंतरही माहेरच्या नावानेच खेळतात. सगळी कमाई त्या नावावर असते. ॲपने मात्र आधार कार्डावरचं सासरचं नाव उचललं. माझ्या सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ही बाई आज पहिल्यांदाच स्ट्रायकर हातात धरत होती. अशा आणखीही काही जणी निघाल्या.

नोंदणी करताना सगळ्यांनी जुनं नावही भरलं होतं. ते कंपनीकडे होतं, फक्त मला देत नव्हते. त्यांचा ब्लेझरवाला माणूस मला म्हणाला, “सर, तो डेटा आमचा आहे. तुमचे सगळे निकाल आम्हाला फुकट जोडून द्या, मग बघू.” माझं डोकं सणकलं. मी त्याच्या अंगावर जाणार, तेवढ्यात ताई मधे आल्या.

“तू गप रे. काय ओ, ह्या पोरीचा जुना नाव ह्येका कित्याक देत नाय?”

“मॅडम, प्रायव्हसी असते. खेळाडूची माहिती अशी कुणालाही देता येत नाही.”

“खेळाडू ही काय, हय उभी आसा. रुपाली, देऊ काय गो?”

“द्या ना ताई!”

“हेड ऑफिसला विचारावं लागेल,” ब्लेझरवाला पुटपुटला.

“नाव तिचा, खेळ तिचो, आणि मालक तुझा हेड ऑफिस? बस विचारत!”

भिंतीवरची सोडत ताईंनी ओढून काढली आणि माइकवर जाहीर केलं की स्पर्धा थांबली आहे. प्रत्येक खेळाडूने टेबलापाशी येऊन आपण कोणत्या नावाने खेळतो ते स्वतः सांगायचं. संघटनेचे सचिव धावत आले. “अहो ताई, कंपनी प्रायोजक आहे!” ताई म्हणाल्या, “मग कंपनीक बसवा बोर्डार.” हॉल हसला. बायका ओळीने आल्या, पुरुषही आले. मी टाइप करत गेलो. दुसरी सोडत निघाली, तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती.

रुपाली उपांत्य फेरीत हरली. मला वाईट वाटलं. ताईंना नाही. “हरली ती रुपाली परब म्हणान हरली. ता हरणासुद्धा तिच्याच खात्यात गेला. बास.”

पुढच्या हंगामात संघटनेने नोंदणी आणि गुणलेखन दोन्ही कामं त्या कंपनीला दिली. ताईंना शाल, नारळ आणि ‘आता विश्रांती घ्या’. मला तर साधा फोनही नाही. हा काटा अजून सलतो, आणि मी तो काढणारही नाही. ताई त्यानंतर फार जगल्या नाहीत. शाल त्यांनी घडीसुद्धा न मोडता कामवालीला दिली होती.

परवा त्याच कंपनीचा फोन आला. गुणलेखन त्यांना झेपत नाहीये. माझं सॉफ्टवेअर जोडून हवंय, खेळाडूंची सगळी माहिती मात्र कायमची त्यांच्या मालकीची. आकडा तोंडाला पाणी सुटेल असा होता. मी विचारलं, “खेळाडूंना विचारलंत?”

“त्याची काय गरज?”

“मग मलाही तुमची गरज नाही,” म्हणालो आणि फोन ठेवला. घासाघीस न करता सोडलेला हा माझा पहिला सौदा.