गौराबाईची भुसभुशीत जागा

घराला जागा बघायची म्हणजे पहार घेऊन जायचं, ही त्या वाडीची रीत. पहार आपटली की ठण्ण वाजली पाहिजे. वाजली, की माणसं खूश. कर्जत आणि चौक या गावांच्या मधल्या त्या वाडीतली झाडून सगळी घरं अशा वाजणाऱ्या कातळावर बसलेली होती. मऊ जमीन असायची ती भाताची आणि वालाची, तिच्यावर घर बांधायचं कुणाच्या स्वप्नातही येत नसे. अशा वाडीत गौराबाई पहार घेऊन हिंडू लागली, आणि पहार वाजली की तोंड वाकडं करून पुढे जाऊ लागली. बाईच्या डोक्यावर परिणाम झाला असं लोक म्हणाले. गौराबाईने ते ऐकलं आणि हिंडणं चालूच ठेवलं.

त्याचं कारण तिच्या थोरल्या लेकीच्या, जनीच्या लग्नात होतं.

लग्नाच्या मांडवाला पहिली उभी राहते ती उंबराची मेढ, म्हणजे पानांसकट आणलेली उंबराची फांदी. ती दारात खड्डा खणून पुरायची. पण जुन्या घराच्या दारात कातळ. तिथे मेढ पुरायची कुठे? मग वाडीत सगळेच करत तसं तिच्या नवऱ्याने, आबाजीने केलं. तेलाचे रिकामे डबे आणले, त्यात माती आणि खडी ठासली आणि त्यात मेढ आणि मांडवाचे खांब उभे केले. एरवी ते निभावून जायचं. जनीच्या लग्नात मात्र भर दुपारी वाऱ्याची अशी वावटळ आली की डबे कलंडले आणि अख्खा मांडव पत्रावळींवर बसला. विहीणबाई मधोमध होत्या. त्यांना बाहेर काढलं तेव्हा त्यांच्या अंबाड्यात मांडवावरचा आंब्याच्या पानांचा टाळा होता आणि तोंडात बुंदी तशीच होती.

कुणाला लागलं नाही, पण जनीला ते फार महागात पडलं. नेरळला तिच्या सासरी फळीवरून तांब्या पडला तरी सासू आधी जनीकडे बघायची. हिचा मांडवच डब्यात उभा होता, हे शेजारणींना हसत हसत सांगितलं जायचं. जनीही हसायची. माहेरी आली की मात्र दोन दिवस गप्प असायची, आणि ते गौराबाईच्या काळजाला लागायचं. धाकट्या लेकीचं, हिरूचं असं होऊ द्यायचं नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

तेवढ्यात भावाभावांच्या वाटण्या झाल्या. जुनं घर थोरल्या दिराकडे गेलं आणि आबाजीला नवं घर बांधणं भाग पडलं. त्याच्या वाट्याला दोन जागा होत्या. एक वरचा मुरमाड माळ आणि दुसरा ओढ्याकाठचा वालाचा तुकडा. आबाजीने अर्थातच माळ धरला. गौराबाईने वालाच्या तुकड्यात पहार सोडली होती, ती हातभर आत गेली आणि मुकाट उभी राहिली. तिला जागा पसंत पडली.

महिनाभर दोघांचं जमेना. मऊ जमिनीवर घर बांधतात का, पाया खचेल, भिंती बसतील, लोक शेण घालतील तोंडात, असं आबाजी जेवताना रोज सांगायचा. गौराबाई वाढत राहायची. शेवटी एका सकाळी तिने त्याच्या हातात पहार दिली आणि त्याला माळावर घेऊन गेली.

"तुमी म्हनाल तिथं घर बांधू," ती म्हणाली. "पन आधी हिरूच्या मेढीचा खड्डा खना. हातभर पुरं हाय."

आबाजी हट्टाने खणत राहिला. दुपार झाली तरी खड्डा चार बोटांचा. पहारेची धार बसली, तळहाताला फोड आले. दीर येऊन बघून गेला. आबाजीने घाम पुसला, भाताच्या पेंढीसारखा आडवा झाला आणि बांध तिकडं, एवढंच म्हणाला.

पाया खणायला कोंडाजी गवंडी आला. सकाळी तो भलताच खुशीत होता, कारण अशी लोण्यासारखी माती त्याला उभ्या जन्मात मिळाली नव्हती. संध्याकाळपर्यंत त्याची खुशी ओसरली. चर कमरेला आला, छातीला आला, तरी कठीण काही लागेना. दुसऱ्या दिवशी कोंडाजीचं नुसतं पागोटं चरातून पुढे सरकताना दिसत होतं. मग चरात दगड भरायला घेतले तर ती जमीन दगड गिळतच सुटली. माळावरचे सगळे धोंडे बैलगाडीने खाली आले. शेवटी माळच पायाखाली आला की, असं आबाजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला.

घर उभं राहिलं. पहिल्याच पावसाळ्यात मागचा डावा कोपरा खचला. दार लागेना, आणि खाली ठेवलेलं लिंबू आपोआप गडगडत त्या कोपऱ्यात जायला लागलं. आबाजीला त्याचा जो आनंद झाला तो घर बांधून झाल्यावरही झाला नव्हता. पाहुणा आला की तो आधी लिंबू सोडून दाखवायचा. गौराबाईने खाटेच्या दोन पायांखाली लाकडाचे तुकडे सारले आणि विषय संपवला.

मग चौक गावच्या मेकॅनिक पोराशी हिरूचं लग्न ठरलं. कोपरा खचला होता तिथे मागचं दार होतं, पण आबाजीने मेढीची जागा पुढच्या दारी न धरता मुद्दाम तिथेच धरली, कारण मांडव ओढ्याकाठच्या झाडांच्या सावलीत येत होता. पहारेच्या दोन घावांत खड्डा झाला आणि मेढ आत गेली. गौराबाईला रडू आवरेना. लग्नादिवशी वारा सुटला, आंब्याचे टाळे उडाले, खांब जागचे हलले नाहीत. तरीही ती दर घटकेला जाऊन एकेक खांब ढकलून बघत होती. चौकाच्या विहीणबाईंना वाटलं ही इकडची रीतच असेल. त्यांनीही पदर खोचला आणि सगळे खांब ढकलून आल्या.

मांडव निघाला. उंबराची मेढ मात्र त्या वाडीत कुणी काढत नसे, ती डब्यातच वाळून आपली आपण पडायची. ही पडली नाही. श्रावण लागता लागता तिला लालसर कोवळी पानं फुटली.

श्रावणात जनी माहेरपणाला आली तेव्हा आबाजी मेढीपाशी उभा राहून कुरकुरत होता. हिची मुळं भिंतीत शिरतील, आधीच खचलेला कोपरा बसेल, आताच काढली तर निघेल. उंबराला हात लावाल तर बघा, असं गौराबाईने आतूनच बजावलं. जनीने त्या पानांवरून बोट फिरवलं.

"आये, माजी मेढ कुटं गेली गं?" तिने विचारलं.

गौराबाई हात पुसत उंबरठ्यात आली. मांडव पडला त्या दिवशी डबे कातळावर ओतले होते आणि लाकडं चुलीपाशी टाकली होती. मेढही त्यातच होती. तिला फार लाज वाटली.

"चुलीत गेली, बाय," ती म्हणाली.

जनीने मान डोलावली. आबाजी कोयता घेऊन ओढ्याकडे गेला आणि मोठ्या उंबराची एक जाड फांदी तोडून घेऊन आला. पुढच्या दारी, घराच्या उजव्या अंगाला त्याने ती रोवली. पावसाने माती इतकी मऊ झाली होती की पहार लागलीच नाही, फांदी हातानेच आत गेली. गौराबाईने हळदकुंकवाची वाटी जनीच्या हातात दिली.

"आवं, ही बाजू पन खचंल आता," ती नवऱ्याला म्हणाली.

"खचू दे," आबाजी म्हणाला. "दोनी बाजूंनी खचलं की घर सरळ व्हईल."

जनी मोठ्याने हसली, आणि मग फांदीला कुंकू लावता लावता पोटभर रडली.